दादा, आधी खाताना दाखवा!

‘मासा तीन दिवस काही खात नाहीये. कुठलं औषध टाकू?’

खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याची उत्तरंही ठरलेली असतात. एक जण निळं औषध सुचवतो, दुसरा पिवळी पावडर. तिसरा म्हणतो, लसणाचा रस काढ आणि खाण्यात मिसळ. चौथा सरळ सांगून टाकतो, ‘सोड रे, दुसरा घे.’ पाणी कसं आहे, मासा आणून किती दिवस झाले, तो नेमकं काय करतोय, हे विचारणारा पाचवा असलाच तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली त्याचा मेसेज गाडला जातो.

माझं म्हणणं असं की पहिली तीन उत्तरं आणि चौथं उत्तर यांत फारसा फरक नाही. न बघता औषध ओतणं आणि ‘दुसरा घे’ म्हणणं, दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे : मासा ही बदलता येणारी वस्तू आहे. घरातल्या कुत्र्याने दोन वेळचं जेवण सोडलं तर आपण त्याला उचलून डॉक्टरकडे पळतो. माशाला डॉक्टर तर मिळत नाहीच, निदानही मिळत नाही. त्याला थेट बाटलीतले दहा थेंब मिळतात.

‘एवढासा तर मासा, त्याचं काय एवढं?’ असं कुणी म्हणेल. म्हणून आधी तो येतो कुठून ते बघू. गप्पी, मॉली, गोल्डफिश हे गोड्या पाण्यातले मासे बहुतेक करून शेततळ्यांत आणि टाक्यांत वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांचं गणित उलटं आहे. त्यांच्या बहुतेक जाती आजही समुद्रातून, प्रवाळांच्या आसपास पकडून आणल्या जातात. फिलिपिन्स, इंडोनेशियासारख्या देशांत काही ठिकाणी बंदी असूनही सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले जातात. त्यातून वाचलेला मासा तेव्हा पोहताना दिसतो, पण त्याच्या शरीराला बसलेला मार नंतर कळतो. पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून पाठवणीआधी माशांना उपाशी ठेवतात. मग पाणबुड्यापासून निर्यातदार, आयातदार, ठोक व्यापारी असं करत तो आपल्या गल्लीतल्या दुकानात पोचतो. म्हणजे ‘आणल्यापासून खात नाही’ ही तक्रार ज्याच्याबद्दल आपण करतो, त्याचा उपास आपल्या घरी येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असू शकतो.

हे समजलं की पहिली गोष्ट लक्षात येते : न खाणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. आपल्याला ताप येतो तसंच. ताप मलेरियाचा आहे, डेंग्यूचा आहे की नुसता थकव्याचा, हे न बघता कुणी गोळ्या दिल्या तर आपण त्या डॉक्टरकडे पुन्हा जाणार नाही. टाकीसमोर मात्र आपण स्वतःच तसले डॉक्टर होतो.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी पाणी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासा एकाच दिवशी, एकाच पिशवीतून घरी आणला असेल तर अर्धं निदान तिथेच झालं. दुसरी तपासणी खारटपणाची. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मे महिन्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र आतच राहतं. कमी झालेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारं पाणी ओतलं की खारटपणा चढतच जातो. तिथे भरायचं असतं ते गोडं, आरओचं पाणी. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवलेलं बरं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या खोलीत ते किती चढतं ते वेगळं सांगायला नको. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि वीज जाऊन पंप बंद पडला तर मासा खाण्याचा विचारच करत नाही, तो फक्त श्वास घेत बसतो. आणि हो, समुद्र शेजारी आहे म्हणून चौपाटीवरून बादली भरून आणण्याची आयडिया डोक्यातून काढून टाका. त्या बादलीत नाल्यांचाही वाटा असतो.

पाणी ठीक निघालं की दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून टाकीसमोर बसायचं. ‘खात नाही’ हे तीन प्रकारचं असतं. मासा खाण्याकडे बघतच नसेल, तर तो घाबरलेला, थकलेला किंवा खरोखर आजारी असू शकतो. तो येतो, घास घेतो आणि थुंकतो, तर त्याला भूक आहे. तुकडा मोठा असेल, चव अनोळखी असेल किंवा तोंडाला जखम असेल. आणि तो खायला निघतो पण मागे फिरतो, तर टाकीत कुणीतरी दादागिरी करतंय. या तिसऱ्या माशाला औषध देणं म्हणजे रॅगिंग होणाऱ्या ज्युनिअरला व्हिटॅमिनच्या गोळ्या देण्यासारखं आहे.

शिवाय प्रत्येक माशाचं ताट वेगळं. मँडरिन नावाचा रंगीबेरंगी मासा दिवसभर खडकावरचे अगदी बारीक जिवंत कवचधारी जीव टिपत असतो. नव्या, छोट्या टाकीत ते संपतात आणि तो सगळ्यांदेखत उपाशी मरतो. टँग जातीच्या माशांना शेवाळ हवं. वाळवलेलं समुद्री शेवाळ चिमट्याला लावून दिलं तर ते तुटून पडतात. लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय दाण्यांकडे ढुंकून बघत नाही, पण त्याच्यासमोर शिंपल्यासकट उघडी तिसरी ठेवली तर कधी कधी चोच लावतो. होय, आपल्या बाजारातली, सुक्क्याची तिसरी! काही बटरफ्लाय जाती तर जवळपास फक्त जिवंत प्रवाळच खातात. त्या घरी आणणं म्हणजे त्यांच्या उपासमारीचे पैसे भरणं. ‘फाइंडिंग नेमो’ २००३ साली आला, त्यात दातांच्या डॉक्टरच्या टाकीतून पळून जायचे बेत आखणारा गिल आठवतोय? तो मूरिश आयडल जातीचा. ही जात टाकीत अन्न नाकारण्यासाठीच ओळखली जाते. त्याचा पळून जायचा हट्ट किती रास्त होता!

एवढं तपासून मगच आजाराकडे यायचं. मिठाचे खडे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके असतील तर बहुधा सागरी इक. अंगावर सोनेरी-करडी बारीक धूळ दिसत असेल, मासा जोरजोरात कल्ले हलवत असेल, उजेड टाळून पंपाच्या प्रवाहात तोंड खुपसून उभा असेल, तर तो वेल्व्हेट असू शकतो, आणि तिथे दिवस नाही, तास मोजायचे असतात. क्लाउनफिशच्या अंगावर बुळबुळीत पांढरट थर सुटत असेल तर ब्रुक्लिनेला नावाच्या परजीवीचा संशय घ्यायचा. पोट खपाटीला गेलंय आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी आहे, तर आतड्यात परजीवी असू शकतात. पण थांबा, नुसत्या उपासानेही विष्ठा पांढरी होते. म्हणून एका लक्षणावर निकाल द्यायचा नाही. रोजचा फोटो, श्वासांची मोजणी, पाण्याचे आकडे एका वहीत लिहिले तर तिसऱ्या दिवशी वहीच बरंच काही सांगायला लागते.

आता औषध. ते द्यायचं ते वेगळ्या टाकीत. २०२० मध्ये आपण सगळेच क्वारंटाइन हा शब्द शिकलो, तेच इथे. साधी काचेची टाकी, एक फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा. वाळू नाही, खडक नाही. मुख्य टाकीत औषध का ओतायचं नाही? इक आणि वेल्व्हेटवर तांबं चालतं, पण तेच तांबं कोळंबी, गोगलगाई, प्रवाळ यांना मारतं, आणि खडक ते शोषून घेतो. त्याची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडंच असतं, त्यामुळे टेस्ट किटशिवाय अंदाजपंचे थेंब टाकणं म्हणजे जुगार. ब्रुक्लिनेलावर आणि पोटातल्या परजीवींवर तांब्याचा उपयोग नाही, त्यांची औषधं वेगळी. म्हणजे निदान चुकलं तर औषध नुसतं वाया जात नाही, आधीच अर्धमेल्या माशावर आणखी एक ओझं पडतं.

अँटिबायोटिकचं तर विचारूच नका. माशांसाठी म्हणून मिळणाऱ्या पावडरी ‘सेफ्टी म्हणून’ टाकीत जातात. इक, वेल्व्हेट हे परजीवी आहेत, त्यांना अँटिबायोटिक शिवतही नाही. उलट अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणू त्याने मरू शकतात, अमोनिया वाढतो आणि मासा आणखी खात नाही. वर तेच पाणी आपण बेसिनमध्ये ओततो. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंबद्दल वर्गात प्रेझेंटेशन द्यायचं आणि घरी टाकीत चमचाभर पावडर ढवळायची, हे कुठेतरी जुळत नाही.

सगळ्यात फसवा असतो तो इक. चार-सहा दिवसांत ठिपके गायब होतात आणि ‘औषध लागू पडलं’ म्हणून स्टेटस पडतं. खरं तर परजीवी माशावरून उतरून वाळूत, खडकावर कवच करून बसलेला असतो. तिथे त्याची संख्या वाढते आणि मग अनेक पिल्लं पुन्हा मासा शोधायला निघतात. ती पाण्यात मोकळी पोहत असतात तेव्हाच औषध त्यांना गाठतं. म्हणून उपचार आठवडे चालतात आणि मुख्य टाकी दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. नको वाटतं ना ऐकायला? दुकानात हे कुणी सांगत नाही, कारण ‘हे टाक, बरा होईल’ हे वाक्य जास्त खपतं.

दुकानदारांना खलनायक करणं सोपं आहे, पण ते अर्धं सत्य होईल. आपण रंग बघून मासा उचलतो, बजेटमध्ये बसतोय का विचारतो, रीलमध्ये कसा दिसेल हे डोळ्यांसमोर आणतो. मेला तर पुढच्या रविवारी पुन्हा जातो. गिऱ्हाइक असं असेल तर मासा तगवण्यात खर्च कोण करेल? मरणारा मासा धंद्याला तोट्यात नेत नाही, आपण पुन्हा पुन्हा जातो म्हणून. हे चक्र तोडणारं वाक्य दुकानातच म्हणावं लागतं : ‘दादा, आधी खाताना दाखवा.’ त्याने खाणं टाकलं आणि मासा धावून आला तर घ्या. ‘आत्ताच खाल्लंय’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी या. पैसे देऊन तिथेच आठवडाभर ठेवायला सांगा. काही चांगले दुकानदार आनंदाने ठेवतात. जे चिडतात त्यांचं चिडणंही माहितीच आहे.

दुसरं, टाकीत जन्मलेला मासा मागा. क्लाउनफिशची पैदास आता नवलाची राहिलेली नाही, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही तिचं तंत्र विकसित केलंय. असा मासा लहानपणापासून दाणे खात वाढलेला असतो, त्यामुळे ‘खात नाही’ हे दुखणं त्याच्या वाट्याला कमी येतं. नीट सांभाळला तर क्लाउनफिश वीस वर्षांहूनही जास्त जगू शकतो. म्हणजे एफवायला घेतलेला मासा तुमच्या चाळिशीतही तुमच्याकडे टक लावून बघू शकतो! हॉस्टेलच्या खोलीसाठी तो घेताना एवढा हिशेब करायला हवा. पुढच्या वर्षी खोली सोडायची असेल तर खाऱ्या पाण्याची टाकी नकोच. मित्राच्या टाकीसमोर बसा, तोही चांगला टाइमपास आहे.

तिसरी मागणी आपल्याच शिक्षणव्यवस्थेकडे. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय, नागपूर आणि उदगीरची मत्स्यविज्ञान महाविद्यालयं, इथे माशांचे आजार अभ्यासक्रमात शिकवले जातात. महिन्यातून एक शनिवार ‘माशांची ओपीडी’ ठेवली तर? लोकांनी पाण्याची बाटली, माशाचा व्हिडिओ आणि ती वही घेऊन यावं. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगावं. त्यांना केसेस मिळतील, लोकांना निदान मिळेल आणि व्हॉट्सअॅपवरच्या पिवळ्या पावडरीचा भाव जरा उतरेल.

हे सगळं करूनही काही मासे वाचणार नाहीत. प्रवासात किंवा सायनाइडने आतून खचलेल्या माशाला उत्तम पाणी आणि योग्य औषधही पुरत नाही. पण तो का गेला हे कळलेलं असेल, तर तीच चूक पुढच्या माशाला भोगावी लागत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी ग्रुपवर ‘कुठलं औषध टाकू?’ दिसलं की औषधाचं नाव टाइप करू नका. ‘अमोनिया किती आहे आणि घेताना तो खात होता का?’ एवढंच विचारा.