किती गोल्ड?

इंग्रजीत कुणी ‘गोल्ड’ म्हणालं की पुढचा प्रश्न एकच विचारावा: किती? प्रश्न उद्धट वाटेल, पण ज्यांची ती भाषा त्यांनीही तो शेकडो वर्षं विचारला आहे आणि काही ठिकाणी त्याचं उत्तर कायद्यात लिहून ठेवलं आहे. अमेरिकेतला आरोग्य विमा घ्या. ओबामांच्या काळातल्या २०१०च्या कायद्याने विमा योजनांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम अशी नावं दिली आणि प्रत्येक नावाला आकडा चिकटवला. गोल्ड योजनेत उपचारखर्चाचा सरासरी ८० टक्के भार कंपनीवर, उरलेला गिऱ्हाइकाच्या खिशावर. प्लॅटिनमला ९०, ब्राँझला ६०. म्हणजे त्या बाजारात गोल्ड हा दुसऱ्या नंबरचा माल आहे आणि तसं ते उघड सांगतात. आपल्याकडे जिमचं गोल्ड सभासदत्व असतं, बँकेचं गोल्ड खातं असतं, क्लासची गोल्ड बॅच असते. यातलं गोल्ड म्हणजे नेमकं काय, असं काउंटरवर विचारून बघा. ‘सिल्व्हरच्या वरचं’ एवढंच उत्तर मिळतं.

ऑलिंपिकवाले निदान प्रामाणिक आहेत. संपूर्ण सोन्याचं पदक शेवटचं दिलं गेलं १९१२ साली, स्टॉकहोमला. त्यानंतरचं ‘गोल्ड मेडल’ म्हणजे चांदी, वरून सोन्याचा मुलामा. पॅरिसला २०२४ मध्ये दिलेलं सुवर्णपदक ५२९ ग्रॅमचं होतं आणि त्यात सोनं ६ ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त. पण हे ६ ग्रॅम आधीच जाहीर असतात, त्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही. अमेरिकेतल्या गाण्यांच्या धंद्यातही तसंच. गोल्ड रेकॉर्ड म्हणजे ५ लाख प्रती, प्लॅटिनम म्हणजे १० लाख. प्लॅटिनमची पायरी १९७६ साली जोडली गेली.

गोल्डच्या वर पायऱ्या चढवायची ही खोड क्रेडिट कार्डवाल्यांनाही आहे. अमेरिकन एक्स्प्रेसने १९६६ साली गोल्ड कार्ड काढलं, १९८४ साली प्लॅटिनम आणि १९९९ साली काळं. रुपया जसा घसरतो तसा हा शब्दही घसरतो. गोल्ड कार्ड सगळ्यांच्या खिशात आलं की पैसेवाल्याला वेगळं काहीतरी लागतं.

‘गोल्डन’ची तऱ्हा आणखी निराळी. सोन्याच्या अंगठीला इंग्रज गोल्ड रिंग म्हणतो, सोनेरी केसांना गोल्डन हेअर. म्हणजे शेवटी ‘न’ लागला की धातू बहुधा निघून जातो आणि रंग, वय किंवा गोड बोलणं उरतं. सरकारी बँकांतल्या लोकांनी हा ‘न’ २०००-०१ मध्ये चांगलाच अनुभवला. स्वेच्छानिवृत्तीला तेव्हा सगळे गोल्डन हँडशेक म्हणत होते, आणि हात हातात घेऊन दाराबाहेर नेण्याला इतकं देखणं नाव इंग्रजीच देऊ जाणे. (सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेटचा सोन्याच्या खाणींशी संबंध आहे असं पुष्कळांना वाटतं. त्या सामुद्रधुनीला ते नाव पडलं १८४६ साली, कॅलिफोर्नियात सोनं सापडलं जानेवारी १८४८ मध्ये. आणि पुलाचा रंग शेंदरी.)

आता पुन्हा ‘किती?’कडे. आकडा सांगणारा जेव्हा गिऱ्हाइकाला हवा तोच आकडा सांगतो, तेव्हा काय होतं हे इंग्रजांनी पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातच पाहिलं होतं. मार्टिन फ्रॉबिशर हा दर्यावर्दी १५७६ साली आशियाकडे जायची उत्तरेकडची वाट शोधायला निघाला आणि आजच्या कॅनडातल्या बॅफिन बेटाजवळून एक काळा दगड घेऊन परतला. मोहिमेत पैसे घालणाऱ्या मायकेल लॉकने तो लंडनमधल्या पारख्यांना दाखवला. एकामागून एक पारख्यांनी ‘यात काही नाही’ म्हणून हात झटकले. मग लॉक गेला आन्येलो नावाच्या व्हेनिसच्या किमयागाराकडे, आणि त्याला सोनं सापडलं. दुसऱ्यांदा दिलं, पुन्हा सापडलं. तिसऱ्यांदाही. इतरांना न दिसलेलं तुम्हाला कसं दिसलं, असं लॉकने विचारलं तेव्हा निसर्गाची खुशामत करता आली पाहिजे, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. या एका माणसाच्या भरवशावर जहाजं निघाली. १५७८च्या फेरीत हजार टनांहून जास्त दगड इंग्लंडात आला. तो वितळवायला लंडनजवळ डार्टफर्डला भट्ट्या उभ्या राहिल्या, राणीचेही पैसे त्यात होते. सोनं निघालं नाही. दगड पुढे रस्त्याच्या आणि भिंतींच्या कामी आला. लॉकचं दिवाळं वाजलं, तो तुरुंगात गेला.

खुशामत करणाऱ्या पारख्यांवरचा इलाज मात्र इंग्लंडात त्याआधीच सुरू झाला होता. सोन्याचांदीच्या जिनसांचा कस तपासून त्यांवर बिबट्याच्या तोंडाची मोहोर उठवायचा कायदा १३०० सालचा. पुढे १४७८ पासून सोनारांनी माल लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आणून तपासून घ्यायचा अशी रीत पडली, आणि त्या हॉलवरूनच ‘हॉलमार्क’ हा शब्द आला. आजही ब्रिटनमध्ये १ ग्रॅमहून जड वस्तू ‘गोल्ड’ म्हणून विकायची तर तिच्यावर हॉलमार्क हवा. १९७३च्या कायद्यानुसार तो नसताना तिला नुसतं गोल्ड म्हणणं हाच गुन्हा आहे. हे कलम मला फार आवडतं. इथे सोन्याइतकाच ‘गोल्ड’ हा शब्दही कायद्याच्या ताब्यात आहे.

सराफाच्या दुकानात आपण सहज ‘नऊशे सोळा’ म्हणतो, त्या आकड्याचं गणित साधं आहे: २४ भागांतले २२ भाग सोनं, म्हणजे हजारात ९१६. ब्रिटिश सॉव्हरिन नाण्याचा कसही तोच. न्यूटन लंडनच्या टांकसाळीचा प्रमुख असताना १७१७ साली या २२ कॅरेट सोन्याचा दर औंसाला ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेनी असा ठरला, आणि युद्धांच्या काळातले खंड सोडले तर ब्रिटनने तो १९३१ पर्यंत ओढला. त्यालाच गोल्ड स्टँडर्ड म्हणायचे. अर्थशास्त्रज्ञ केन्स त्याला १९२३ सालीच रानटी काळाचं उरलंसुरलं म्हणून मोडीत काढत होता. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि व्यवस्थेचा उरलेला धागाही तुटला. शब्द मात्र आता जोरात आहे. कोविडमध्ये आरटीपीसीआर ही ‘गोल्ड स्टँडर्ड’ चाचणी, हे वाक्य घराघरांत पाठ झालं. डॉक्टरांच्या तोंडी ते ठीक आहे, कारण बाकीच्या चाचण्या कशाशी ताडून पाहायच्या एवढाच तिथे त्याचा अर्थ. परवा मी ते एका मॉड्युलर किचनच्या जाहिरातीत वाचलं.

आणि आता आपलं, अस्सल मराठी बाजारपेठेतलं ‘वन ग्रॅम गोल्ड’. दादर असो, तुळशीबाग असो की तालुक्याचा बाजार, ही पाटी नाही असा रस्ता दाखवा. आत पितळेचं किंवा तांब्याचं अंग, वर सोन्याचं पाणी. मंगळसूत्र, ठुशी, तोडे, सगळं मिळतं आणि काही जिनसांचं काम खरोखर सुबक असतं. सोबत चिठ्ठी: पाणी आणि सेंटपासून जपा, सहा महिने गॅरंटी. पॉलिश गेलं की परत करून देतात. बायकांना हे सगळं ठाऊक आहे. लोकलच्या गर्दीत खरं कशाला मिरवायचं, या हिशेबाने त्या घेतात. बोलताना म्हणतातही नुसतं ‘वन ग्रॅमचं’. गोल्ड हा शब्द त्यांनी आपणहून गाळला आहे. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, पाटीबद्दल आहे. सोन्याचा भाव ग्रॅमला पाच आकड्यांत गेला असताना पाचशे रुपयांच्या मंगळसूत्रात एक ग्रॅम सोनं बसणार कसं? गोल्ड हा शब्द मोघम आहे, पण ‘वन ग्रॅम’ मोघम नाही. ते वजन आहे. वजनमापाच्या बाबतीत भाजीवाल्याला जो धाक असतो, तो इथे कुणालाच का नाही? अमेरिकेत ‘गोल्ड फिल्ड’ म्हणायचं तर वरच्या सोन्याच्या पत्र्याचं वजन दागिन्याच्या विसाव्या हिश्शाइतकं तरी असावं, असा व्यापाराचा दंडक आहे. आपल्या पाटीवर मिलिग्रॅम लिहायची सक्ती केली तर ‘वन’च्या जागी किती येईल, हे कारागिरांना विचारायला हवं.

खऱ्या सोन्यात गिऱ्हाइकाची बाजू आता बरीच भक्कम आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी लागतो, आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की दागिना कुठे तपासला गेला हे दिसतं. अक्षरं इतकी बारीक असतात की दुकानदाराने दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवावं असा नियम आहे. ते मागून घ्या, संकोच करू नका. कस कमी भरला तर फरकाच्या दुप्पट भरपाई मागता येते. वन ग्रॅमवाल्याकडे यातलं काही नसतं. पण छापील बिल देणारं दुकान असेल तर त्यावरचा जीएसटीचा कोड बघा. सोन्याच्या दागिन्याचा ७११३. इथे असतो ७११७, आणि त्याच्यापुढे सरकारने लिहिलं आहे: इमिटेशन ज्वेलरी.