अर्धवट मालाचे मोल

तयार मालाने भरलेले गोदाम हे भरभराटीचे लक्षण मानले जाते; पण न खपलेल्या मालात उद्योजकाचे भांडवलच अडकलेले असते. इटलीच्या बेनेटन कंपनीने १९७०च्या दशकात काही स्वेटर न रंगविता विणून ठेवण्याची आणि कोणता रंग खपतो हे कळल्यावरच ते रंगविण्याची पद्धत अंगीकारली. खर्च वाढला, पण नको असलेल्या रंगांचा साठा घटला. कारण एकूण मागणीपेक्षा रंगवार मागणीचा अंदाज अधिक चुकतो. आज रंगाच्या दुकानातही मोजके बेस आणि रंगद्रव्ये यांतून ग्राहकासमोरच हव्या त्या छटा तयार होतात.

कर्ज देताना मात्र अर्धसिद्ध मालावर तयार मालापेक्षा अधिक मार्जिन राखण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. अंतिम प्रक्रिया अडली तर असा माल विकणे कठीण, ही शंका रास्तच आहे. तथापि, मागणीनुसार रूप घेऊ शकणारा माल अडगळीत पडण्याचा धोकाही कमी असतो. म्हणून स्टॉक स्टेटमेंट तपासताना किमतीबरोबरच अंतिम प्रक्रियेस किती दिवस लागतात आणि मागणी हाती आहे काय, हेही पाहिले जावे. सावध उद्योजकाला सावधपणाचाच भुर्दंड पडू नये.