दोन मिनिटांचे अंतर

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण कोणीतरी आपल्या वैद्यकीय व्यवसायाकडे पाहूनच रचली असावी, अशी शंका मला फार दिवसांपासून आहे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हिमाचलातील एका चार दिवसांच्या माउंटन बाइक स्पर्धेत मी ती स्वतःच्या अनुभवाने सिद्ध केली. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘आपल्या छंदाविषयी लिहा’ असा आग्रह धरला. पराक्रम सांगण्याजोगा नसल्याने फजितीच सांगतो. कारण तिच्यातून निघालेले एक मत मला आपल्या मंडळापुढे ठेवायचे आहे.

टप्प्यांची शर्यत म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. रोज ठरावीक अंतर कापायचे, रोजच्या वेळेची बेरीज होत जाते आणि आदल्या दिवशीचे थकलेले शरीर घेऊन दुसऱ्या सकाळी पुन्हा उभे राहायचे. माउंटन बाइकमध्ये वाट डांबरी नसते. दगडगोटे, ओढे, देवदाराच्या मुळ्या आणि चिखल यांतून जावे लागते. हिमाचलात अशी स्पर्धा २००५ पासून सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेतील ‘केप एपिक’ २००४ पासून आठ दिवस चालते आणि ती जोडीने खेळावी लागते. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो : जोडीतील दोघांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये. बलवानाला एकट्याने पुढे निघून जाता येत नाही.

दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्रातील डॉक्टरांनी मोठे नाव मिळविले आहे. नाशिकचे भूलतज्ज्ञ डॉ. हितेंद्र महाजन आणि त्यांचे दंतवैद्य बंधू डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. पुढच्याच वर्षी डॉ. समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही पंधरा टप्प्यांची, नऊ हजार किलोमीटरांहून मोठी शर्यतही पुरी केली. हे वाचून माझ्यासारख्या अनेकांच्या अंगात वारे संचारले, यात नवल नाही.

वर्षभर पहाटे उठून पावागडच्या माचीचा चढ चढलो. जोडीदार होता माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः बालरोगतज्ज्ञ आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी तीन हजार मीटरांहून उंच खिंड होती. वडोदरा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. तेव्हा मनात भीती, आणि त्या भीतीपोटी मी दर वळणावर साधे पाणी पीत राहिलो. दुपारनंतर डोके ठणकू लागले, मळमळू लागले. ‘पाणी कमी पडले’ असे निदान मी स्वतःच केले आणि आणखी प्यालो. जोडीदाराने दोनदा विचारले, दोन्ही वेळा मी हसून उडवून लावले.

रात्री तंबूत त्याने माझा हात हातात घेतला. अंगठी बोटात रुतली होती, घड्याळाचा पट्टा मनगटात. तो हळूच म्हणाला, “सर, आज लघवीला किती वेळा गेलात?” अतिसार झालेल्या बाळाच्या आईला गेली पंचवीस वर्षे मी विचारीत आलेला हाच प्रश्न! मला उत्तर देता येईना. जवळच्या रुग्णालयात सोडियम १२६ निघाले. पाणी बंद, निरीक्षण, आणि माझी शर्यत समाप्त. जोडीदाराला क्रमांक सोडून एकट्याने पुढे जाण्याची मुभा होती. तो गेला नाही. वर्षभराची त्याची मेहनत माझ्या अहंकारापायी वाया गेली, ही बोच आजही आहे.

यात अज्ञान होते काय? मुळीच नाही. बोस्टन मॅरेथॉनच्या २००२ सालच्या ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम कमी आढळले आणि शर्यतीत वजन वाढणे हे त्याचे प्रमुख लक्षण ठरले, हे मी वाचलेले होते. मुलांना सलाइन लावताना कमी सोडियमचे द्रावण टाळावे, हा अमेरिकन बालरोग अकादमीचा २०१८ चा निर्देश मी स्वतः निवासी डॉक्टरांना शिकवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या ओआरएस सूत्रात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम का असते, हेही पाठ आहे. उणीव ज्ञानाची नव्हती. स्वतःला रुग्ण म्हणून पाहण्याची होती. आणि ती कोणालाही एकट्याने भरून काढता येत नाही.

‘या वयात हा आटापिटा कशाला?’ असे अनेक स्नेही विचारतात. प्रश्न गैर नाही. वर्षानुवर्षे अतिदीर्घ श्रम करणाऱ्यांमध्ये हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रमाण वाढलेले दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही माझे मत असे की, डॉक्टरांनी अशा स्पर्धांत जरूर उतरावे. टप्प्यांची शर्यत आपल्याला जे शिकविते ते दवाखाना शिकवीत नाही : संध्याकाळी थांबायचे, जेवायचे, झोपायचे आणि उद्यासाठी शक्ती राखायची. आपला व्यवसायही तीस-पस्तीस वर्षांची शर्यतच आहे. फक्त तिच्यात आपण रात्रीचा मुक्काम करायला विसरतो, आणि छातीत दुखले तर ‘ॲसिडिटी’ म्हणून पुढचा रुग्ण आत बोलावतो.

परंतु उतरावे ते जोडीने. वडोदऱ्याला ही गोष्ट नवी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या नगरीत आखाड्यात जोडीशिवाय कुस्ती नव्हती. राजरत्न माणिकराव व्यायाम शिकवीत, तसे निखळलेली हाडेही बसवीत; शरीर कमावणे आणि शरीर सांभाळणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. याच नगरीने मराठीला व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड दिले.

म्हणून मंडळाला एक नम्र सूचना. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने एका सहकाऱ्याचे नाव ‘जोडीदार’ म्हणून नोंदवावे. वर्षातून एकदा परस्परांचा रक्तदाब, साखर, ईसीजी पाहावा; आणि एकाने ‘आता थांबा’ म्हटले तर दुसऱ्याने वाद घालू नये. ज्येष्ठता, पदव्या, प्रॅक्टिसचा आकार यांपैकी काहीही त्याआड येऊ नये. माझ्या बाबतीत ते आले होते. एक विद्यार्थी आपल्या सरांना थांबवायला दुपारी संकोचला, आणि रात्र झाली.

माझा जोडीदार मी नोंदविला आहे. पुढील वर्षी आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी त्याने विचारल्यास खरे उत्तर देण्याचे मी त्याला वचन दिले आहे.