अधिक कोअर म्हणजे अधिक वेग काय?

घरीं संगणक आणावयाचें ठरलें, म्हणजे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: ‘प्रोसेसर किती कोअरचा घ्यावा?’ ज्याचा आंकडा मोठा तो श्रेष्ठ, हा समज आतां फार रूढ झाला आहे. मोठमोठ्या माहितीकेंद्रांनीं वापरून काढून टाकलेले सर्व्हरचे प्रोसेसर बाजारांत स्वस्त मिळतात, म्हणून त्यांसाठीं वडिलांपाशीं हट्ट धरणारे विद्यार्थीहि दिसूं लागले आहेत. अठरा कोअर थोडक्या किमतींत मिळत असतां सहा कोअरसाठीं जास्त पैसे कां मोजावे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. पालकांचा पैसा कष्टाचा आहे. तो केवळ एका आंकड्याच्या मोहानें खर्ची पडूं नये, म्हणून या समजाची परीक्षा करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणें हिशेब करणारें एकेक केंद्र होय. आतां एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे दोन प्रोसेसर शेजारीं ठेवून पाहूं. ए.एम.डी. कंपनीनें २०२२ सालीं डेस्कटॉपसाठीं ‘रायझेन ९ ७९५०एक्स’ व सर्व्हरसाठीं ‘एपिक ९६५४’ असे दोन प्रोसेसर काढले. दोहोंतील कोअरची घडण मुळांत एकच, ‘झेन ४’ या नांवाची. पहिल्यांत कोअर १६, तर दुसऱ्यांत ९६. परंतु पहिल्याचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ आहे, आणि दुसऱ्याचा अवघा ३.७. याचें कारण उघड आहे. पहिल्याची नेमलेली मर्यादा १७० वॅटांची, दुसऱ्याची ३६० वॅटांची. म्हणजे डेस्कटॉपच्या एकेका कोअरच्या वांट्यास सुमारें साडेदहा वॅट येतात, तर सर्व्हरच्या कोअरच्या वांट्यास चारहि येत नाहींत. शिधा थोडा आणि खाणारीं तोंडें पुष्कळ, अशा घरांत प्रत्येकानें जोरानें धांवावें अशी अपेक्षा कशी करावी?

मग सर्व्हरचा प्रोसेसर निकृष्ट काय? मुळींच नव्हे. त्याचें काम निराळें आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशीं लाखों विद्यार्थी एकाच वेळीं आपापले गुण पाहूं इच्छितात. एकाच्या निकालाचा दुसऱ्याच्या निकालाशीं कांहीं संबंध नाहीं. म्हणून हें काम अनेक कोअरांत सुखानें वांटतां येतें. तेथें एका विद्यार्थ्यास निमिषभर उशीर झाला तरी चालेल, पण कोणीहि ताटकळतां कामा नये. शिवाय ‘एपिक’ला स्मृतीकडे जाणारे बारा मार्ग आहेत, ‘रायझेन’ला दोनच. सर्व्हर रात्रंदिवस चालतो, आणि त्याची स्मृति साधारणतः एखादी लहानशी चूक आपली आपण सुधारून घेते. हे गुण वेगाच्या आंकड्यांत दिसत नाहींत, तरी त्यांचें मोल मोठें आहे.

आपल्या कोल्हापूरकरांना तर या यंत्रांचें महत्त्व निराळें सांगावयास नको. २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेच्या पुरानें काय हाहाकार केला, तो आपण डोळ्यांनीं पाहिला आहे. पावसाचें भाकीत करणाऱ्या पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंत २०१८ सालीं ‘प्रत्यूष’ हा महासंगणक बसविण्यांत आला. त्यांत एक लाख एकोणीस हजारांहून अधिक कोअर होते, आणि प्रत्येकाचा मूळ वेग अवघा २.१ गिगाहर्ट्झ! आकाशाचे लहान लहान चौकोन पाडून एकेका चौकोनाचा हिशेब निरनिराळ्या कोअरांकडे सोंपवावयाचा, आणि दर पायरीस शेजारच्या चौकोनांची खबर घ्यावयाची, अशी ही रीत आहे. २०२४ सालीं त्याच संस्थेंत ‘अर्क’ हा याहूनहि समर्थ महासंगणक आला. लहानांच्या एकजुटीनें मोठें कार्य साधण्याची ही युक्ति महाराष्ट्रास नवी नाहीं, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास १९९१ सालीं सिद्ध झालेला ‘परम ८०००’ याच तत्त्वावर उभा होता.

परंतु प्रत्येक काम असें वांटतां येत नाहीं. आपल्याकडील गुऱ्हाळच पाहा ना. ऊस तोडावयास दहांऐवजीं शंभर माणसें लावलीं, तर फड लवकर मोकळा होईल. पण काहिलींतील रस आटावयाचा तो आपल्याच वेळानें आटणार, आणि गुळव्या ‘उतरा’ म्हणेपर्यंत सर्वांस थांबावेंच लागणार. जीन ॲमडाल या शास्त्रज्ञानें १९६७ सालीं संगणकाविषयीं हेंच दाखवून दिलें. समजा, एका कोअरला एका कामास १०० मिनिटें लागतात व त्यांपैकीं १० मिनिटांचें काम वांटतां येत नाहीं. सोळा कोअर लावल्यास तें सुमारें साडेपंधरा मिनिटांत होईल. आतां शहाण्णव कोअर लावा, पण प्रत्येकजण दीडपट वेळ घेणारा असूं द्या. त्यांस सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागेल! ऐंशी कोअर जास्त, आणि तरीहि मागें. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

घरचें काम बहुतेक याच जातीचें असतें. निबंध लिहिणें, चित्र काढणें, लहानसा प्रोग्रॅम चालविणें, यांत थोडे पण चपळ कोअर उपयोगी पडतात. जुना सर्व्हर-प्रोसेसर घेतला, तर त्याच्याजोगा मदरबोर्ड शोधावा लागतो, पुष्कळांत चित्र दाखविण्याची सोय नसल्यानें निराळें कार्ड लागतें, आणि विजेचें बिल दरमहा येतच राहतें. प्रथम वांचलेले पैसे असे मागल्या दारानें निघून जातात. त्यापेक्षां चार-सहा चपळ कोअरचा साधा डेस्कटॉप प्रोसेसर घेऊन उरलेले पैसे स्मृति व एस.एस.डी. यांवर खर्चावे, हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटतें. मात्र एखाद्या शाळेंत एकाच यंत्रावर पुष्कळ विद्यार्थी एकदम काम करणार असतील, तर तेथें सर्व्हरच योग्य, हेंहि आम्ही तितक्याच स्पष्टपणें सांगतों.

प्रोसेसरांची परीक्षा घेणारी ‘स्पेक’ ही जाणती संस्थासुद्धां एका आंकड्यावर विसंबत नाहीं. एक काम किती लवकर झालें याचें माप ती निराळें ठेवते, आणि ठराविक वेळांत किती कामें उरकलीं याचें निराळें. दुकानदारानें एखादा आंकडा पुढें केला, तर तो यांपैकीं कोणत्या मापाचा, हें विचारण्याचा ग्राहकास पूर्ण अधिकार आहे. तो त्यानें संकोच न धरतां बजवावा.

विद्यार्थिमित्रहो, खासबागेच्या मैदानांत कुस्ती जिंकणारा मल्ल आणि उसाच्या फडांतील टोळी यांत श्रेष्ठ कोण, असें कोणी विचारलें तर तुम्ही हंसाल, आणि ‘काम कोणतें?’ असें उलट विचाराल. तोच प्रश्न यंत्र घेतांना प्रथम विचारा. आणि पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें ‘किती कोअर?’ हें सांगितल्यावर ‘कशासाठीं?’ हें त्यास अवश्य विचारावें. त्याचें उत्तर नीट आलें, तरच पैशाची पिशवी सोडावी.