निवृत्ती कोणाची?

'निवृत्ती' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. एक निवृत्ती आतून येते. संसाराचे पुष्कळ पाहून झाले असे वाटल्यावर माणूस स्वेच्छेने एकेक व्याप कमी करीत जातो. दुसरी येते नियमाने ठरलेल्या तारखेला, शाल-श्रीफळासह. महाराष्ट्र शासनाच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना ती ५८ व्या वर्षी गाठते. आपल्या परंपरेने गौरव केला तो पहिलीचा. बहुतेकांच्या वाट्याला मात्र दुसरीच येते, आणि घरातील मंडळी मोठ्या सोयीस्करपणे तिलाच पहिली समजून चालतात.

समाजशास्त्रातही एकदा असेच घडले. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे पन्नास ते नव्वद वयाच्या सुमारे पावणेतीनशे व्यक्तींचा अभ्यास करून इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ साली एक सिद्धान्त मांडला. वय वाढते तसा माणूस समाजापासून अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळे करतो. ही माघार परस्परसंमतीची, अटळ आणि सार्वत्रिक असते, असे त्यांचे म्हणणे होते. पुरुषाच्या बाबतीत ही माघार नोकरी सुटल्यावर आणि स्त्रीच्या बाबतीत वैधव्याने सुरू होते, असेही त्यांनी नोंदविले. पतिनिधनाला 'संमतीची माघार' म्हणण्यातील विसंगती त्या काळी फार थोड्यांना खटकली असावी.

पुढे रॉबर्ट हॅविगहर्स्ट, बर्निस न्यूगार्टन आणि शेल्डन टोबिन यांनी त्याच कॅन्सस सिटीतील माहिती पुन्हा तपासली. तेव्हा चित्र पालटले. कामात, माणसांत गुंतलेली वृद्ध मंडळीच बहुधा अधिक समाधानी होती. शांतपणे बाजूला होऊन सुखी असणारेही काही होते; पण त्यांचा तो स्वभाव होता, वयाचा धर्म नव्हे.

या वादावर सर्वांत जिवंत प्रकाश टाकला तो आर्ली हॉक्सचाइल्ड यांच्या १९७३ सालच्या पुस्तकाने. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील वृद्धांच्या एका लहान इमारतीत त्यांनी काम करता करता तेथील जीवन न्याहाळले. रहिवासी त्रेचाळीस, त्यांपैकी सदतीस स्त्रिया, बहुतेक विधवा, बेताच्या परिस्थितीतील. सिद्धान्तानुसार या बायकांनी खिडकीशी बसून दिवस मोजायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांनी एक नवे गावच वसविले होते. रोपांच्या फांद्या, भांडी, खाद्यपदार्थ यांची देवाणघेवाण चाले, आणि ती अगदी तोलून-मापून. मागच्या वेळी मी आले होते, आता तुझी पाळी. शेजारणीचा पडदा सकाळी उघडला की नाही, यावर प्रत्येकीचे लक्ष असे. रुसवेफुगवे होते, मानापमान होते. आपल्याहून वाईट दैव असलेलीला 'बिचारी' म्हणून स्वतःचे दुःख हलके करण्याची रीतही होती. वाळकेश्वरच्या सोसायटीत किंवा सांगलीच्या वाड्यात वाढलेल्याला यातले काहीच परके वाटणार नाही. हॉक्सचाइल्ड यांचा निष्कर्ष साधा होता: वृद्ध माणसे माघार घेत नाहीत, अनेकदा त्यांच्याभोवतीची जागाच काढून घेतली जाते.

आपल्याकडे ही जागा प्रेमानेच काढून घेतली जाते, म्हणून ती गेल्याचे कळत नाही. "बाबा, तुम्ही कशाला दगदग करता?" हे वाक्य खऱ्या काळजीतून येते. मग बँकेचे काम मुलगा पाहतो, लग्नाची बोलणी थोरली सून करते, आणि समोर बसलेल्या वृद्धाला वगळून डॉक्टर मुलालाच विचारतात, "यांना झोप लागते का?" आईची गोष्ट आणखी निराळी. तिला निवृत्तीची तारीख कधी मिळतच नाही. एके दिवशी डब्यांची जागा बदलते आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला हळद शोधावी लागते.

२०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांच्यासाठी २००७ चा कायदा आहे. मुलांनी आईवडिलांना अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार द्यावेत असे तो सांगतो, आणि तसे सांगण्याची वेळ यावी हेच पुरेसे बोलके आहे. तथापि या चारही गोष्टी मिळूनही एखादे माणूस घरात पाहुण्यासारखे वावरते. त्याला कोणी काही कमी करीत नाही, फक्त काही विचारीत नाही. संध्याकाळी ते गृहस्थ ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला वेळेआधी अर्धा तास पोहोचतात, सतरंज्या अंथरतात, हजेरीची वही उघडून ठेवतात. तेथे एखादा सदस्य दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी कोणी जायचे ते तेच ठरवितात.