अंगण : सखल कोपऱ्यातील सोनफूल
न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या काही कुटुंबांच्या घरामागे एखादा सखल कोपरा असतो. पावसाचे पाणी तेथे रेंगाळते. गुलाब तेथे रमत नाही. अशा जागेसाठी त्याच भूमीचे एक बहुवर्षायू झाड सुचवावेसे वाटते. हे उंच कोनफ्लॉवर, शास्त्रीय नाव ‘रुडबेकिया लॅसिनिएटा’. पूर्व अमेरिकेत ओढ्यांच्या काठी ते आपसूक उगवते व अडीच-तीन मीटरपर्यंत चढते. मध्ये हिरवट शंकू, खाली झुकलेल्या पिवळ्या पाकळ्या. जुलै ते सप्टेंबर बहर. चेरोकी लोक वसंतात याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात.

बी शरद ऋतूतच मातीवर विखरावे, कारण थंडी सोसल्यावाचून ते नीट रुजत नाही. दोन रोपांत सुमारे ९० सेंटिमीटर अंतर हवे. मे अखेरीस शेंडे निम्म्यावर छाटले, तर झाड बुटके राहते व वाऱ्याने लवंडत नाही. भूमिगत खोडांनी ते पसरते. म्हणून चिमुकल्या वाफ्यात लावूच नये.

उन्हाळ्यात देठांवर लालभडक मावा दाटतो आणि पाहणारा धास्तावतो. दुकानात त्यावर औषध मिळते. ते आणू नये. या माव्याने झाडाचे सहसा फारसे बिघडत नाही. फवारणीने मात्र फुलांवरच्या मधमाश्याही मरतात. आपल्या घरांत याहून अधिक काय सांगावे?

फुले सुकली की परसू नीटनेटके दिसावे म्हणून दांडे कापण्याची घाई होते. ते वसंतापर्यंत उभे ठेवावेत. न्यू जर्सीचा राज्यपक्षी असलेली पिवळी गोल्डफिंच त्या शंकूंतील बिया टिपायला येते. शेजाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडल्यास त्यांना पक्षी दाखवावा.

हिवाळ्यात गावी जाताना नातलगांसाठी बियांची पुडी न्यावी, असा मोह होईल. ती नेऊ नये. परवान्याविना बी भारतात आणणे नियमबाह्य आहे, आणि धोकाही खरा आहे. जपानमध्ये शोभेसाठी नेलेले हेच झाड रानोमाळ पसरले. आज तेथे ते लावण्यास कायद्याने बंदी आहे. गावच्या मंडळींना पिवळेच फूल पाहावयाचे असेल, तर पावसाळा सरताना सह्याद्रीच्या पठारांवर सोनकी फुलते. तीही सूर्यफुलाच्याच कुळातली.