प्रत्यारोपणानंतरचा एक्स-रे कोण वाचणार?

भारतात लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेले ते मूल पुढे शिकून डॉक्टर झाले. शस्त्रक्रियेचे यश मोजायचे ते असे, वर्षांच्या हिशेबात. आपण मात्र ते रुग्ण घरी गेला त्या दिवशीच मोजून मोकळे होतो. त्यानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी, जे बिघडू शकते त्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे आपल्या व्यवस्थेत ठरलेले नाही. श्वासपटलाचा हर्निया ही अशीच एक उशिरा उद्भवणारी गुंतागुंत. ती दुर्मीळ आहे: मुलांमध्ये साधारण शंभरात एखाद-दुसरी, प्रौढांत त्याहूनही कमी. तरीही तिच्यासाठी तयारी करायला हवी, आणि ही तयारी मोठ्या प्रत्यारोपण केंद्रात नव्हे, गावाजवळच्या दवाखान्यात व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा. यकृताचा मागचा भाग या पडद्याला थेट चिकटलेला असतो, त्यामुळे रोगट यकृत काढताना तो पडद्यापासून सोडवावाच लागतो. जन्मतः पित्तनलिका बंद असलेल्या मुलांवर बहुधा आधी पित्ताला वाट करून देणारी ‘कासाई’ नावाची शस्त्रक्रिया झालेली असते. त्यामुळे तिथले अवयव एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि सोडवताना रक्त बरेच जाते. ते थांबवण्यासाठी वापरलेल्या कॉटरीचा, म्हणजे रक्तवाहिन्या जाळून बंद करणाऱ्या उपकरणाचा, चटका पडद्याला बसू शकतो. त्या वेळी भोक दिसत नाही. भाजलेली जागा नंतर हळूहळू विरते आणि तिथे भोक पडते. कुपोषण आणि स्टेरॉइड यांमुळे जखम नीट भरत नाही. मोठ्या माणसाच्या यकृताचा तुकडा बाळाच्या पोटात बसवला की पोटातला दाब वाढतो. शिवाय हा तुकडा बहुतेकदा डाव्या बाजूचा असल्याने उजवीकडे पडद्याखालची जागा मोकळी राहते आणि तिथे आतडी सरकतात. प्रत्येक श्वासागणिक छातीत निर्माण होणारी ओढ त्यांना भोकातून वर छातीत खेचते. म्हणूनच हा हर्निया बहुतेक वेळा उजव्या बाजूला आढळतो.

खरा धोका पुढे आहे. मुलाला धाप लागते, उलट्या होतात, कधी नुसता खोकला असतो. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या जागी धूसर सावली दिसते आणि न्यूमोनिया किंवा छातीत पाणी असे निदान होते. हे निदान करणारा डॉक्टर हलगर्जी नसतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या मुलात जंतुसंसर्गाचीच शक्यता जास्त असते. पण पाणी समजून छातीत नळी घातली आणि ती आतड्यात गेली, तर अनर्थ होतो. आतड्याला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटला तरी याच औषधांमुळे ताप आणि पोटाचा ताठरपणा झाकला जातो. उलट वेळीच ओळखले, तर आतडी खाली घेऊन भोक शिवून टाकणे ही अनुभवी शल्यविशारदांच्या आवाक्यातली शस्त्रक्रिया आहे. सारे काही पहिल्या शंकेवर अवलंबून आहे.

इतक्या दुर्मीळ गोष्टीचे ओझे तालुक्याच्या डॉक्टरवर का, असा आक्षेप येईल. पण धाप लागलेल्या प्रत्येक मुलाबद्दल ही शंका घ्या, असे कोणीच म्हणत नाही. ज्याच्या पोटावर प्रत्यारोपणाचा आडवा लांब व्रण आहे, त्याच्यापुरतेच हे लक्षात ठेवायचे आहे. अँटिबायोटिक थांबवायचे नाही, सरसकट सीटी स्कॅनही करायचा नाही. एक्स-रेत छातीमध्ये आतड्यांसारखे हवेचे फुगे दिसतात का ते पाहायचे, जुना एक्स-रे शेजारी धरायचा, आणि संशय असेल तर नळी घालण्याआधी स्कॅन करून प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा. ही सूचना डिस्चार्ज कार्डावर छापली तर पालक घाबरतील, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. जे आईवडील प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची वेळ घड्याळ लावून पाळतात आणि रक्ताचे अहवाल तोंडपाठ सांगतात, त्यांना डिस्चार्ज कार्डावरच्या चार ओळी पेलणार नाहीत, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. केंद्राचा फोन नंबर त्यांच्याकडे असतोच, हेही खरे; पण रात्री दोन वाजता पालकांनी तोंडी सांगितलेल्या माहितीपेक्षा कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत छापलेली सूचना डॉक्टरच्या हाताला लवकर थांबवते.

महाराष्ट्रात ही केंद्रे मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत आणि मुले नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत कुठूनही येतात. शस्त्रक्रियेसाठी मदतनिधी, धर्मादाय संस्था, लोकवर्गणी असे मार्ग निघतात; दोन वर्षांनी पुन्हा दाखल व्हावे लागले, तर तेच कुटुंब एकटे पडते. मदत देतानाच पुढच्या काही वर्षांच्या तपासण्यांचा आणि आकस्मिक शस्त्रक्रियेचा खर्च त्यात धरायला हवा. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने दाते आणि रुग्ण यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे. त्या नोंदवहीत अशा उशिराच्या गुंतागुंती सक्तीने नोंदल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या फक्त रुग्णांच्याच नव्हेत. आपल्याकडची बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांवर चालतात, आणि यकृताचा भाग दिलेल्या निरोगी दात्यांमध्येही हा हर्निया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ते कार्ड मुलाइतकेच दात्यालाही द्यायला हवे.